आईचं शेंगोळं

शेंगोळे दिसायला चांगले नसतात, हे आधीच सांगून टाकते. मातकट रंगाचा दाट रस्सा, वर तेलाचा पातळ तवंग आणि आत बोटाएवढ्या वळकट्या. माझ्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं माझ्या डब्यात डोकावून, "हे काय गं, गांडुळं?" असं विचारलं होतं. मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या ताटलीत जबरदस्तीनं चार घातले. आता थंडी सुरू झाली की तीच माझ्या मागे लागते, "कधी आणतेस गं ते तुझं?" गांडुळं म्हणायची मात्र तिची सवय गेली नाही.

हुलग्याचं पीठ, त्यात मूठभर ज्वारीचं, भरपूर लसूण, मिरची, जिरं. घट्ट मळायचं, परातीच्या पाठीवर वळायचं आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडून मऊ शिजवायचं. एवढंच. हुलगे म्हणजे कुळीथ, पण आमच्या घरात त्याला कुळीथ म्हणायची परवानगी फक्त माझ्या भावजयीला आहे, कारण ती कोकणातली. आई तिला दर वेळी दुरुस्त करायची, ती दर वेळी "हो आई" म्हणून पुन्हा कुळीथच म्हणायची. बारा वर्षं दोघींचं हे चाललं होतं आणि दोघींनाही त्यात मजा येत होती, असा माझा अंदाज आहे.

आईबाबा बालाघाटातल्या एका गावातून घाटकोपरला आले तेव्हा त्यांच्या सामानात हुलग्यांचं एक गाठोडं होतं. हायवेच्या अलीकडे एक खोली, समोर सामाईक नळ. बाबांना विक्रोळीच्या एका कारखान्यात काम मिळालं. मी नऊ वर्षांची आणि भाऊ सहा वर्षांचा असताना तो कारखाना काही महिने बंद होता. त्या महिन्यांत आम्ही शेंगोळे पुष्कळ खाल्ले. गावाकडून हुलगे येत होते आणि दुसरं फारसं काही येत नव्हतं.

पीठ पुरवून वापरायचं तर शेंगोळे मोजून वाढावे लागतात. आम्हा भावंडांना सहा-सहा, बाबांना आठ. माझा भाऊ आपले सहा गिळून माझ्या ताटातले पळवायचा. मी हळूहळू खाणारी. एकदा मी त्याच्या झिंज्या उपटल्या, त्यानं माझ्या मनगटाला चावा घेतला आणि रस्सा जमिनीवर सांडला. सांडलेलं बघून आईनं दोघांनाही धपाटे घातले. दुसऱ्या दिवशी तिनं मळलेल्या पिठाचे गोळे करून आमच्यापुढे ठेवले.

"आपापलं वळा. वळखू येईल असं वळा. ज्याचं त्यानं खायाचं. दुसऱ्याच्याला हात लावायचा न्हाई."

मी दोन बारीक वळकट्या एकमेकींत गुंफून वेणी केली. भावानं दोन्ही टोकं जोडून कडं केलं. बाबा संध्याकाळी हातपाय धुऊन आले, तर आईनं त्यांच्याही पुढे गोळा ठेवला. त्यांना असली कलाकुसर जमायची नाही. त्यांनी सरळसोट, अंगठ्याएवढे जाड शेंगोळे वळले आणि परातीकडे बघून म्हणाले, "माझे कुणी चोरणार नाही." त्या दिवसापासून वेणी माझी, कडं भावाचं, सरळ बाबांचं.

मी आईला विचारलं होतं, "तुझं कुठलं?"

"माझं कशाला? मी करणारी," ती म्हणाली.

हे उत्तर मला पटलं. इतकं पटलं की पुढची चाळीस वर्षं मी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

दिवस बदलले. बाबांचा कारखाना सुरू झाला, मी शिकले, बँकेत लागले, लग्न होऊन मुलुंडला गेले. भावाला अंधेरीला नोकरी मिळाली. पीठ मोजायची गरज उरली नाही, मग सगळेच शेंगोळे खुणेचे वळायचंही कारण उरलं नाही. पण प्रत्येकानं आपल्या खुणेचं एक तरी वळायचं, ही रीत राहिली. परीक्षेचा निकाल लागला की शेंगोळे, कुणाला बढती मिळाली की शेंगोळे. आमची चाळ पाडून तिथं इमारत उभी राहिली आणि सातव्या मजल्यावरच्या घराची किल्ली हातात आली, तेव्हा आई विहारात जाऊन आली आणि पांढऱ्या साडीला पीठ लागू नये म्हणून वर माझा जुना गाऊन चढवून शेंगोळे वळायला बसली. नव्या गॅसवर पहिली फोडणी लसणाची पडली. शेजारचे दार उघडून बघायला आले.

भावजय लग्न होऊन आली त्याच आठवड्यात आईनं तिच्या हातावर गोळा ठेवला. "तुझं कर." तिला वाटलं, सासू परीक्षा घेतेय. बिचारी घाबरून वळत राहिली आणि शेवटी तिच्या हातून एक गाठ पडली. तीच तिची खूण झाली. माझी भाची चार वर्षांची झाली तेव्हा तिनं बदाम वळला. तो शिजताना दर वेळी फुटतो आणि ती दर वेळी त्याचे दोन तुकडे पातेल्यातून शोधून काढते. माझ्या नवऱ्याची खूण जिलबी आहे. तो पार्ल्यातला, गोडाशिवाय त्याला काही सुचत नाही. वाढताना नुसती शोधाशोध चालते. "ए, माझं कडं तुझ्याकडे आलंय, दे." "गाठ कुणाकडेय?" "आत्या, तुझी वेणी सुटली!" पन्नाशीची बाई मी, पण वेणी अख्खी निघाली की मला अजून बरं वाटतं.

बाबा गेले. त्यानंतरच्या पहिल्या थंडीत आईनं सरळ शेंगोळं वळलेलं मी बघितलं. भावानं वाढताना ते पातेल्यातच राहू दिलं. सगळ्यांची जेवणं झाल्यावर आई नेहमीसारखी पातेलं पुढ्यात ओढून बसली. तळाशी लागलेली खरवड, उरलेला रस्सा आणि ते एक सरळ शेंगोळं.

"त्यांचं मी खाते," ती म्हणाली. जणू आम्ही हिशेब विचारला होता.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी आईला झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा. अकरा दिवस हॉस्पिटलात काढून आम्ही तिला घरी आणलं. बोलणं सगळं गेलं होतं, एक शब्द तेवढा उरला होता, "न्हाई". पाणी हवंय? न्हाई. कूस बदलायची? न्हाई. भाचीनं विचारलं, "आजी, मी तुला आवडते ना?" तर "न्हाई" म्हणाली आणि डाव्या हातानं तिचा गाल ओढला. तेव्हा आम्ही हसलो. मग हसू संपलं, कारण आई खाईना.

मी बँकेतून रजा टाकून घाटकोपरलाच मुक्काम ठोकला होता. माझा स्वभाव सगळ्यांना माहीत आहे. मी आले की घरात वेळापत्रक येतं. फ्रिजवर कागद चिकटवला. आठ वाजता औषध, साडेआठला नाश्ता, साडेबाराला जेवण. आणि सगळ्यात वर लाल पेननं, आधी आईचं, मग बाकीच्यांचं. ताजं, गरम, मऊ करून, आम्ही कुणी घास घेण्याआधी तिला भरवायचं. यात चूक काय असणार? मी भरवायला बसायचे आणि आई ओठ घट्ट मिटून घ्यायची. चमचा पुढे केला की मान फिरवायची. "न्हाई." मुगाची खिचडी, न्हाई. रव्याची खीर, न्हाई. दिवसभरात चार-पाच चमचे जेमतेम जायचे, तेही उशिरा, भावजयीच्या हातून. मला त्याचाही राग यायचा. माझ्या हातचं का खात नाही?

डॉक्टर घरी येऊन बघून गेले. "गिळता येतंय त्यांना. मऊ आणि दाटसर काहीही चालेल, फक्त पाण्यासारखं पातळ नको. पण त्या खातच नाहीयेत. आजचा गुरुवार. सोमवारपर्यंत असंच राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल."

नळी हा शब्द आईनं ऐकला. तिला समजत सगळं होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तरी संध्याकाळी तिनं तोंड उघडलं नाही.

शनिवारी दुपारी मी तिच्यावर ओरडले. हे लिहायला नको वाटतं, पण लिहिते. चमचा ताटलीत आपटून मी म्हटलं, "काय हवंय काय तुला? मरायचंय का? आम्ही इथं सगळी कामं टाकून बसलोय आणि तू नखरे करतेस?" आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं डावा हात उचलला, ताटली हळूच माझ्या बाजूला सरकवली आणि म्हणाली, "न्हाई." मी ताटली उचलून आत गेले आणि ती खिचडी कचऱ्यात टाकली. तिनं ताटली माझ्याकडे सरकवली होती. माझ्याकडे. हे मला दिसलंच नाही, मला फक्त नकार दिसला.

रविवारी भाचीनं शेंगोळ्यांचा हट्ट धरला. मी तिच्यावर खेकसले, "आजी उपाशी आहे आणि तुला सण सुचतोय?" भावजय एरवी माझ्यापुढे बोलत नाही. त्या दिवशी बोलली. "करू द्या ना ताई. चार दिवस झाले, पोरीनं धड खाल्लं नाही. आणि आईंना वास तरी जाईल." तिनं कपाटातून पिठाचा डबा काढला. कुळथाचं पीठ म्हणाली. खोलीतून "न्हाई" असं ऐकू आलं. आम्ही तिघी एकमेकींकडे बघून हसलो. किती दिवसांनी हसलो ते आठवत नाही.

आईला खुर्चीत बसवून आम्ही तिची खुर्ची हॉलमध्ये, टेबलाजवळ आणली. साडेबारा वाजले. मी वेळापत्रकाप्रमाणे आधी तिच्यासाठी दोन शेंगोळे कुस्करले, रश्शात कालवले आणि चमचा पुढे केला. ओठ बंद. मी पुन्हा केला. मान फिरली. आता नळीच, मी मनात म्हटलं, आणि मला इतका थकवा आला की मी वाटी तशीच ठेवून दिली. भाऊ म्हणाला, "ताई, बस. तूपण खा. निवतंय."

आम्ही जेवलो. सुरुवातीला गप्प गप्प, मग भाचीचा बदाम सापडेना म्हणून थोडी शोधाशोध, मग कडं जिलबीच्या मालकाकडे, रविवार म्हणून आलेल्या माझ्या नवऱ्याकडे, गेलं म्हणून भावाची तक्रार. आई एकेकाच्या ताटाकडे बघत होती. पोर्टरनं सामान मोजावं तशी. माझ्या ताटात थोडं उरलं होतं, तर तिनं ताटाकडे बोट केलं. मी निमूटपणे संपवलं. शेवटचं ताट भाचीचं. तिनं बोटं चाटली आणि ढेकर दिली.

मग आईनं डावा हात लांब केला आणि पातेल्याचा काठ धरला.

पातेलं जड होतं, तिला ओढवेना. पण तिनं सोडलंही नाही. भावजयीनं उठून ते तिच्या पुढ्यात ठेवलं. तळाशी खरवड होती, थोडा दाट रस्सा होता आणि एक सरळ, जाड शेंगोळं होतं. ते भाचीनं वळलं होतं, आजी नेहमी वळते म्हणून. भावजयीनं ते चमच्यानं कुस्करलं, रश्शात कालवलं आणि चमचा आईच्या ओठांशी नेला. आईनं तोंड उघडलं. एक घास, दुसरा, आठवा, दहावा. खरवडीसकट पातेलं स्वच्छ झालं.

"ताई," भावजय हळूच म्हणाली, "हॉस्पिटलातपण मी माझा डबा खाऊन संपवला की मगच त्या घास घ्यायच्या. मला वाटलं, योगायोग."

मी गॅलरीत गेले आणि वाळत घातलेल्या चादरीआड उभी राहून रडले. आनंद झाला होता, नळी टळली होती, हे तर होतंच. पण मला रागही आला होता, कुणावर ते कळत नव्हतं. सत्तर वर्षांत ही बाई कुणाच्या आधी जेवली नव्हती. हे मला ठाऊक नव्हतं का? माझ्या डोळ्यांसमोर तर झालं सगळं. आम्हाला सहा, बाबांना आठ, आणि आई पातेल्याशी. तिला खूण नव्हती, कारण खुणेनं राखून ठेवावा असा तिचा वाटाच कधी नव्हता. चाळीस वर्षं मी माझी वेणी शोधत बसले आणि हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. आणि मीच फ्रिजवर लाल पेननं लिहून ठेवलं होतं, आधी आईचं.

सोमवारी डॉक्टर नळी न घालता गेले. मी कागद फाडून टाकला. त्यानंतर आम्ही तिच्यासमोर बसून आधी जेवायचो, ताटं रिकामी करून दाखवायचो आणि मग तिला भरवायचो. आईचं वजन वाढायला लागलं. घरात सगळे खूश होते. मी नव्हते. तिला समजावायला गेले की ती "न्हाई" म्हणायची, आणि त्या शब्दापुढे माझं आयुष्यात कधी काही चाललेलं नाही.

फिजिओथेरपीला येणाऱ्या मुलीनं आईच्या उजव्या हातात दाबायला स्पंजचा चेंडू दिला होता. आई तो कंटाळून टाकून द्यायची. जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही शेंगोळे वळत असताना भाचीनं चेंडूच्या जागी पिठाचा गोळा आजीच्या उजव्या हातात ठेवला आणि वरून आपल्या हातानं तिची बोटं मिटली. "दाब, आजी. अजून दाब." आईचा चेहरा लाल झाला, मान थरथरली. भाचीनं हात काढून घेतला तरी मूठ मिटलेली राहिली. मग ती सावकाश उघडली.

तळव्यावर मुटका होता. वेडावाकडा, एका बाजूला चार बोटांचे खड्डे, दुसऱ्या बाजूला तळहाताची रेघ. करंगळीचा खड्डा जेमतेम उमटला होता.

"हे आजीचं!" भाची ओरडली आणि तो उकळत्या पाण्यात सोडून आली.

पानं मांडली तेव्हा मी आईचंही ताट मांडलं, आमच्याबरोबर. वाढताना मुटका सापडला, अख्खा होता, मी तो तिच्या ताटात ठेवला. बाकीच्यांनाही वाढून झालं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, पण हात कुणाचाच ताटाकडे गेला नाही.

आई मुटक्याकडे बघत होती. मग तिनं डाव्या हातानं तो उचलला आणि भाचीच्या ताटाकडे नेला. भाचीनं दोन्ही हात ताटावर धरून ते झाकलं. आईनं तो भावाकडे नेला. त्यानं मान हलवली. शेवटी माझ्याकडे. त्या हातातून रस्सा मनगटावर ओघळत होता.

मी म्हटलं, "आई, ज्याचं त्यानं खायचं. दुसऱ्याच्याला हात लावायचा नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता "न्हाई" येणार. ती तसाच हात पुढे धरून बसली. आमची ताटं निवत होती. मग तिनं हात मागे घेतला, मुटका आपल्या ताटात ठेवला, बोटानं त्याचा एक तुकडा मोडला आणि तोंडात घातला. सावकाश चावला, गिळला, दुसरा तुकडा मोडला. तिचा मुटका संपल्यावर आम्ही जेवायला सुरुवात केली.